पहिल्या लॅपटॉपची निवड

शेतकरी बैल विकत घेण्यासाठी बाजारात जातो, तेव्हा तो बैलाच्या शिंगांना लावलेला रंग पाहून भुलत नाही. तो त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. आणि हे सर्व पाहण्यापूर्वी आपली जमीन कोणती, ती काळी व भारी आहे की माळावरची हलकी आहे, याचा विचार त्याने घरीच केलेला असतो. शिंपी शिवणयंत्र घेतो किंवा सुतार रंधा घेतो, तेव्हाही असेच घडते. ज्याला आपले काम ठाऊक असते, त्याला साधनाची पारख करणे कठीण जात नाही.

लॅपटॉप घेण्याची वेळ आली, की मात्र ही साधी रीत पुष्कळांना आठवत नाही. लॅप म्हणजे मांडी. मांडीवर ठेवून वापरता येणारा संगणक तो लॅपटॉप, हे आता लहान मुलांनाही ठाऊक आहे. कित्येक घरांत तो केव्हाच आला आहे, कित्येक घरांत तो अजून यावयाचा आहे. जेथे तो पहिल्यानेच यावयाचा असतो, तेथे त्याच्यासाठी महिनोन्‌महिने पैसा बाजूला ठेवावा लागतो आणि घरातील कोणाची तरी दुसरी गरज पुढे ढकलावी लागते. असे असूनही दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, तो असा : ‘तुमच्याकडे सर्वांत चांगला लॅपटॉप कोणता?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. सर्वांत चांगला बैल किंवा सर्वांत चांगला रंधा असे जगात काही नसते. अमुक कामाला चांगला, एवढेच असते. यास्तव पहिला लॅपटॉप निवडताना आधी आपले काम निश्चित करावे आणि ते निश्चित करताना स्वतःशी व घरच्यांशी खरे बोलावे. हे एवढे साधले, म्हणजे यंत्राची निवड फारशी अवघड राहत नाही.

मांडीवर मावणाऱ्या संगणकाची कल्पना अगदी आरंभी ज्यांनी मांडली, त्यांच्यापुढे मुलेच होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९४६ साली अमेरिकेत ‘एनिअॅक’ नावाचा संगणक लोकांपुढे आला. त्याचे वजन सुमारे २७ टन होते आणि त्याने एक मोठे दालन व्यापले होते. त्यानंतर पंचवीस वर्षे लोटली, तरी संगणक ही मोठ्या संस्थांनीच बाळगण्याची वस्तू होती. अशा काळात, १९७२ साली, अॅलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने मुलांच्या वैयक्तिक संगणकाविषयी एक निबंध लिहिला. वहीच्या आकाराचा, दोन किलोहूनही हलका आणि प्रत्येक मुलाला स्वतःजवळ बाळगता येईल असा संगणक त्याने त्यात कल्पिला होता. त्याला त्याने ‘डायनाबुक’ हे नाव दिले. निबंधाच्या आरंभी नऊ वर्षांची दोन मुले हिरवळीवर पडून या यंत्रावर अंतराळयानांच्या लढाईचा खेळ खेळत आहेत, असे वर्णन येते. खेळता खेळता त्यांना वाटते, की या खेळात सूर्याची ओढ आणता आली तर? मग ती मुले गुरुत्वाकर्षणाचा शोध घेऊ लागतात आणि तो खेळच सुधारण्याच्या मागे लागतात. केच्या मनातील संगणक हा नुसता पाहण्याचा पेटारा नव्हता. काही तरी घडविण्याचे ते साधन होते.

कल्पना प्रत्यक्षात उतरावयास अर्थातच वेळ लागला. १९८१ साली विक्रीस आलेला ‘ऑस्बोर्न १’ हा संगणक हातातून नेता येत असे खरा. पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, आणि त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा होता. पुढे यंत्रे हलकी झाली, स्वस्त झाली आणि त्यांचे सामर्थ्य झपाट्याने वाढले. इतके वाढले, की यंत्राचे सामर्थ्य म्हणजेच आपले सामर्थ्य, असा भ्रम माणसाला होऊ लागला.

हा भ्रम दूर करणारे एक उदाहरण फिनलंड देशातील आहे. हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाचा एक मुलगा राहत होता. त्याचे आजोबा विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१ च्या सुमारास त्यांनी ‘कमोडोर व्हिक-२०’ नावाचा एक लहानसा संगणक घेतला. लिनस तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. आजोबा कागदावर संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहीत आणि नातू त्या टंकित करी. हळूहळू तो स्वतःच आज्ञा रचू लागला. त्या संगणकाची स्मृती केवळ ५ किलोबाइट होती. आज शाळकरी मुलासाठी घेतल्या जाणाऱ्या साध्या लॅपटॉपची ८ गिगाबाइटची स्मृती तिच्या सोळा लाखांहून अधिक पट भरते. अशा त्या चिमुकल्या यंत्रावर आरंभ केलेल्या या मुलाने पुढे १९९१ साली, विद्यार्थिदशेतच, ‘लिनक्स’ या जगप्रसिद्ध प्रणालीची मुहूर्तमेढ रोवली. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तीतील सर्व संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. त्याच्या आजोबांचे यंत्र त्या काळीदेखील सर्वांत बलाढ्य नव्हते. पण ते वापरणाऱ्या मुलाला काही तरी करून पाहावयाचे होते.

याच्या उलट दाखलाही आहे. २००५ साली अमेरिकेतील निकोलस नेग्रोपाँटी यांनी ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना जाहीर केली. गरीब देशांतील मुलांना अत्यंत स्वस्त लॅपटॉप मिळावेत, हा तिचा उदात्त हेतू होता. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यातील लहानशा शाळेतही ही यंत्रे आली. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने तर ती लक्षावधी मुलांना वाटली. पुढे त्या देशातील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी झाली आणि २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्रे मिळालेल्या शाळांतील मुलांची गणितात किंवा भाषेत काही विशेष प्रगती झाल्याचे त्यांत आढळले नाही. यंत्र हाती आले. पण त्यावर कोणते काम करावयाचे, ते कोणी शिकवावयाचे, याची घडी बसली नव्हती. रिकाम्या शेतात बैल नेऊन बांधला, म्हणून पीक येत नाही.

तेव्हा प्रश्न पुन्हा कामापाशीच येऊन थांबतो. हे काम ओळखावे कसे? त्यासाठी एका सामान्य घरातील प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. वडील कारखान्यात नोकरीस आहेत, आई घरी शिवणकाम करते, मुलगी सातवीत आहे आणि तिचा भाऊ चौथीत. वर्गातील दोघा-तिघांकडे लॅपटॉप आले, तेव्हा मुलीनेही हट्ट धरला. ती म्हणाली, “बाबा, मला अभ्यासासाठी लॅपटॉप हवा.” वडील रागावले नाहीत, की त्यांनी लगेच होकारही दिला नाही. त्यांनी तिच्या हाती एक कोरी वही दिली आणि ते म्हणाले, “बाळ, आठ दिवस ही वही जवळ ठेव. ज्या ज्या वेळी तुला वाटेल, की आता संगणक असता तर बरे झाले असते, त्या त्या वेळी कशासाठी, ते हिच्यात लिही. मग आपण मिळून वाचू.”

आठ दिवसांत वहीत चौदा नोंदी झाल्या. निबंध व प्रकल्प नीट लिहून छापण्यासाठी तीन, माहिती शोधण्यासाठी तीन, विज्ञानाचे प्रयोग चित्रफितीत पाहण्यासाठी दोन, चित्र काढण्यासाठी एक. आणि खेळण्यासाठी पाच. शेवटच्या रात्री त्या पाच नोंदी खोडून टाकाव्यात, असे मुलीच्या मनात आले. तिने खोडरबर हातातही घेतले. पण काही वेळ विचार करून तिने ते खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी वही वाचली. ते म्हणाले, “या नोंदी तू ठेवल्यास, हे फार बरे केलेस. आता आपल्याला खरा हिशेब कळला.”

खरा हिशेब असा होता, की चौदांपैकी नऊ कामांना साधे यंत्र पुरेसे होते. महागड्या यंत्राची गरज होती ती केवळ उरलेल्या पाचांसाठी. बापलेकींनी मिळून ठरविले, की साधे यंत्र घ्यावे, त्यावर चालतील तेवढे खेळ सुटीच्या दिवशी दोघा भावंडांनी खेळावेत, आणि जो पैसा वाचेल त्यातून आईच्या शिवणयंत्राला विजेची मोटर बसवावी. मुलीने त्या नोंदी खोडल्या असत्या, तर काय झाले असते? साधे यंत्र घरी येताच ‘हे फार संथ आहे’ अशी तक्रार सुरू झाली असती. किंवा अभ्यासाच्या नावाने महागडे यंत्र आले असते आणि आई पायानेच यंत्र चालवीत राहिली असती. खेळण्याची इच्छा होणे यात काही वाईट नाही. तिला अभ्यासाचे नाव देणे मात्र वाईट आहे. ज्या घरात मूल आपली इच्छा तिच्या खऱ्या नावाने सांगू शकते आणि वडील माणसे ती शांतपणे ऐकून घेतात, त्या घरातील पैसा सहसा वाया जात नाही.

काम ठरले, की यंत्राच्या अंगांकडे वळावे. त्यांची नावे परकी असली, तरी त्यांचे कार्य समजण्यास कठीण नाही. प्रोसेसर हा संगणकातील हिशेब करणारा मुख्य भाग. रॅम म्हणजे काम करावयाचे मेज; मेज मोठे असेल, तर चार पुस्तके एका वेळी उघडून बसता येते, लहान असेल तर एक मिटल्याशिवाय दुसरे उघडता येत नाही. कायमच्या साठवणीची जागा म्हणजे कपाट. ‘विंडोज ११’ या प्रणालीला निदान ४ गिगाबाइट रॅम लागते; परंतु निदान लागणे वेगळे आणि पुरेसे असणे वेगळे. शाळेच्या नेहमीच्या कामासाठी ८ गिगाबाइट रॅम आणि २५६ गिगाबाइट साठवण पुरेशी होते. ही साठवण एसएसडी प्रकारची असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात, त्यामुळे धक्क्याने ती बिघडण्याचे भय असते. एसएसडीमध्ये फिरणारा असा कोणताच भाग नसतो, म्हणून ती धक्के सोसते आणि कामही अधिक वेगाने करते. मोठमोठ्या चित्रफिती जुळविणे किंवा भारी खेळ खेळणे हेच ज्याचे काम असेल, त्याला यापेक्षा मोठे मेज व मोठे कपाट लागेल; इतरांनी त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

वजनाचा विचारही विसरता कामा नये. मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात सांगितले आहे. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या वाट्याला या नियमाने चार किलोंचे दप्तर येते. त्यात दीड किलोचा लॅपटॉप घातला, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक भार त्याचाच होतो. म्हणून जो रोज न्यावा-आणावा लागणार असेल, तो हलका असावा. जो घरीच राहणार असेल, तो थोडा जड असला तरी चालेल. दुकानात यंत्र पुढे आले, की त्याची कळफळी स्वतः वापरून पाहावी. पाचसात ओळी लिहून पाहाव्यात. पडदा उजेडात नीट दिसतो का, बिजागरी घट्ट आहे का, हे आपल्या डोळ्यांनी व हातांनी तपासावे. शेतकरी बैलाला चार पावले चालवून पाहतो, ते काही उगीच नव्हे.

त्या पाचसात ओळी मराठीतच लिहाव्यात. देवनागरी लिपीत लिहिण्याची सोय बहुतेक संगणकांत मुळातच असते. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, ती फक्त सुरू करून घ्यावी लागते. भारतीय लिपींसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळरचना आहे. तिच्यात स्वर व त्यांच्या मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. रोज थोडा सराव केला, तर अल्पावधीत हात बसतो. मातृभाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची सवय एकदा जडली, की ऱ्हस्व-दीर्घाचा आणि ‘न’-‘ण’चा विवेक हळूहळू सुटत जातो. नवे साधन घरी येताना जुनी विद्या घराबाहेर जाऊ नये, एवढी काळजी ज्याची त्याने घ्यावी.

काही लोक म्हणतात, की एकदाच महागडे यंत्र घ्यावे, म्हणजे ते पुष्कळ वर्षे टिकते. या म्हणण्यात तथ्य नाही, असे नाही. अगदी स्वस्त म्हणून घेतलेले यंत्र दोन वर्षांत कुचकामी ठरले, तर ती बचत नव्हे, तो दुप्पट खर्च होय. परंतु टिकाऊपणा हा केवळ किमतीवर अवलंबून नसतो. बॅटरी ही वापराने झिजणारी वस्तू आहे. ती बदलून मिळते का? रॅम पुढे वाढविता येते का? बिघाड झाल्यास गावाजवळ दुरुस्तीची सोय आहे का? प्रणालीच्या सुधारणा किती वर्षे मिळत राहतील? यंत्र किती टिकेल, हे या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून कळते. शेवटचा प्रश्न तर पुष्कळांना सुचतही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नेहमीचा आधार संपला, तेव्हा चालती असलेली कितीतरी यंत्रे जणू एका दिवसात म्हातारी झाली. दुरुस्तीचे महत्त्व ओळखून फ्रान्स देशाने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या काही वस्तूंवर, ती वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे, याचे दहापैकी गुण छापण्याचा नियम केला. असे गुण जेथे छापलेले नसतील, तेथे गिऱ्हाइकाने स्वतःच प्रश्न विचारावेत. “काका, याची बॅटरी बदलता येते का?” असे एखाद्या मुलीने दुकानदाराला नम्रपणे विचारले, तर त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

नीट तपासलेले व हमीसह मिळणारे जुने यंत्र घेण्यातही कमीपणा नाही. थोरल्या भावंडांची पुस्तके धाकट्यांनी वापरावीत, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. टाकून दिलेल्या विद्युत् उपकरणांचा जगभरातील कचरा २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन भरला, आणि त्याचा चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आला नाही. जे यंत्र आणखी चार वर्षे कामास येते, ते त्या ढिगाऱ्यात तेवढी वर्षे उशिरा जाते. कित्येक जुन्या यंत्रांवर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली चांगली चालते. ती बसवून घेतली, तर फिनलंडमधील त्या मुलाच्या कष्टांचे फळ कोकणातील किंवा विदर्भातील एखाद्या घरातही पोहोचते.

आणखी एक शक्यता मोकळ्या मनाने विचारात घ्यावी. आठ दिवसांच्या वहीत दोनच नोंदी झाल्या, तर लॅपटॉप घेण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे. तेवढे काम शाळेतील संगणकावर किंवा वाचनालयात होऊ शकेल. इतरांकडे आहे म्हणून आपल्याकडे असावे, ही इच्छा माणसाला कधीच तृप्त होऊ देत नाही. कारण आपल्यापेक्षा नवी वस्तू कोणाकडे ना कोणाकडे असतेच. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. पण अंथरुणाची लांबी जशी पाहावी, तशी आपली उंचीही पाहावी, म्हणजे वस्तू ऐपतीएवढी आणि गरजेएवढी अशी दोन्ही मापांनी बेताची येते.

बाजारातून घरी आणलेल्या बैलाच्या शिंगांचा रंग पहिल्या पावसात धुऊन जातो. त्यानंतर नांगर ओढावयाचा असतो, तो बैलाला. आणि तो कोठे न्यावयाचा, हे ठरवावयाचे असते शेतकऱ्याला. लॅपटॉपचेही तसेच आहे. त्याची चकाकी चार महिन्यांत जुनी होते. मग उरते ते वापरणाऱ्याचे काम आणि त्या कामाविषयीची त्याची आस्था. ती ज्याच्यापाशी आहे, त्याच्या हाती साधे यंत्रही पुरून उरते.